खारेपाटणची जकात, अंतुल्यांचं सिमेंट

शके ९३० च्या ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे इसवी सन १००८ च्या मे महिन्यात, दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने एक दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतलं. वडिलांनी बांधलेल्या अव्वेश्वराच्या देवळातली पूजाअर्चा चालू राहावी म्हणून आत्रेय नावाच्या शैव आचार्याला त्याने गावं दिली. पण गावांवर तो थांबला नाही. समुद्रापलीकडून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं आणि कंदलमूलीय इथून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोनं देवळाला मिळेल, असंही त्याने लिहून दिलं. चौल आणि गोव्यातलं चंद्रपूर इथल्या जहाजांना मात्र त्यातून वगळलं. हे पत्रे मिळाले खारेपाटणला.

दुसरा ताम्रपट ८६ वर्षांनंतरचा, शके १०१६ चा. तोही खारेपाटणचाच म्हणून ओळखला जातो, पण राजा उत्तर कोकणचा, शिलाहार अनंतदेव. भाऊबंदकीत कोकणची दैना झाली होती आणि ती माजवणाऱ्यांना आपण तलवारीने बुडवलं, असं तो स्वतःबद्दल सांगतो. मग येतो मुद्द्याचा मजकूर. बलिपत्तनच्या दुर्गश्रेष्ठीचा मुलगा, महाप्रधान भाभणश्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनामश्रेष्ठी यांच्या मालवाहतुकीला स्थानक म्हणजे ठाणं, नागपूर (अर्थात कोकणातलं), शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे चौल या बंदरांत जकात माफ. राज्याचा कारभारही त्यांच्याकडे, व्यापारही त्यांचाच, आणि सवलतीचा मानकरीही तेच. गादी नुकतीच सावरलेला राजा आणि पैसेवाले श्रेष्ठी यांचं एकमेकांवाचून अडत असणार, हे ओळखायला पुराभिलेखशास्त्र शिकावं लागत नाही.

आज महामार्गाने गोव्याकडे जाणाऱ्याला खारेपाटण म्हणजे पूल ओलांडला की लागणारा सिंधुदुर्गातला पहिला थांबा, वडापाव-चहाचा. एके काळी मात्र विजयदुर्गच्या खाडीतून पंचवीस मैल आत येणारी गलबतं इथे लागत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बोसा या पोर्तुगीजाने या किनाऱ्याचं वर्णन लिहिलं. त्यात मलबारी जहाजं स्वस्त तांदूळ आणि भाजीपाला भरून नेतात असं जे ठिकाण येतं, ते हेच असावं असं गॅझेटियरकारांनी धरलं. ताम्रपटातलं बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच, असं काही संशोधक मानतात, काहींना ते पटत नाही. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं विजयदुर्गलाच थांबू लागली आणि बंदराचं गाव रस्त्याचं गाव झालं. नाका राहिला.

हे दोन ताम्रपट वाचणारी माणसंही साधी नव्हती. रट्टराजाचा लेख पहिल्यांदा छापून आणला बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री मूळचे पोंभुर्ल्याचे, म्हणजे याच टापूतल्या देवगड तालुक्यातले. अनंतदेवाचा लेख संपादित केला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. प्रधानाला मिळालेल्या करमाफीचा मजकूर लावणारे हे तेलंग, डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनातही होते. म्हणजे जुन्या राज्यातली सत्ता आणि पैसा यांची सोयरीक ज्याने वाचली, तोच नव्या राजकारणाच्या पायाभरणीला हजर.

नव्या राजकारणालाही पैसा लागणारच होता. सुरुवातीला तो उघड दिला जाई आणि त्यात मिरवण्यासारखं काही वाटे. थैली अर्पण करणं हा सार्वजनिक समारंभ होता. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या साठीनिमित्त पुण्यात लाख रुपयांची थैली देण्यात आली आणि टिळकांनी ती राष्ट्रकार्याला देऊन टाकली. रत्नागिरीत जन्मलेल्या या माणसाच्या हातात देण्यासारखा परवाना नव्हता, सिमेंट नव्हतं, जकातीची सूटही नव्हती. उलट त्यांच्याशी जवळीक दाखवली तर सरकारची वक्रदृष्टी ओढवण्याची भीती. त्यामुळे थैलीत टाकलेल्या रुपयामागे दुसरा हिशेब असण्याचं कारण नव्हतं.

पैसा कोणी दिला, यापेक्षा घेणाऱ्याच्या हातात काय होतं, हे आधी पाहावं लागतं. आणि निवडणुकीच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो तो खुर्चीवर बसलेला माणूस पुन्हा उभा राहतो तेव्हा. कोकणातल्या गजालींमध्ये निवडणूक जवळ आली की पहिला प्रश्न तोच असतो: यंदा उबो रवतलो काय? वरवर ही राजकीय उत्सुकता. पण ठेकेदार, व्यापारी, कारखानदार हाच प्रश्न वेगळ्या कानाने ऐकतात. बसलेला माणूस पुन्हा येणार असेल तर आज दिलेले पैसे उद्याही ओळख ठेवतात. येणार नसेल तर ते पाण्यात.

अमेरिकेत हे नागडेपणाने दिसलं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३१ मार्च १९६८ ला दूरचित्रवाणीवरच्या भाषणाच्या शेवटी आपण पुन्हा उमेदवारी करणार नाही असं सांगितलं आणि त्यांच्या पक्षातली सगळी गणितं एका रात्रीत बदलली. निक्सन यांचं उलट. ते १९७२ मध्ये पुन्हा उभे राहणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. मार्च १९७१ मध्ये दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थांचे पुढारी त्यांना भेटले आणि दोनच दिवसांत सरकारने दुधाचा आधारभाव वाढवला. त्याच संस्थांनी निवडणूक निधीला वीस लाख डॉलर देण्याचं कबूल केलं होतं. वॉटरगेटच्या चौकशीत हे प्रकरण बाहेर आलं. तिथे दूध, आपल्याकडे सिमेंट. त्याकडे येऊच.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाला पहिलं उत्तर दिलं ते मर्यादेचं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला कमाल आकडा घातला. पहिल्या निवडणुकीत एका जागेच्या लोकसभा मतदारसंघासाठी तो साधारण २५,००० रुपये होता. कंपन्यांच्या देणग्यांचं काय, हा प्रश्न मात्र लगेचच मुंबई हायकोर्टात गेला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी १९५७ मध्ये निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण निकालातच त्यांनी बजावलं की ही पद्धत वाढत गेली तर ती लोकशाहीचा गळा आवळेल आणि संसदेने वेळीच लक्ष घालावं. परवानगी देणाऱ्याच निकालात इतकी धास्ती क्वचित वाचायला मिळते.

त्याच १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, राजापूर लोकसभा मतदारसंघातून नाथ पै निवडून आले. खारेपाटण याच मतदारसंघातलं. वेंगुर्ल्यात १९२२ मध्ये जन्मलेले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचं अध्यक्षपद भूषवलेले नाथ पै प्रजा समाजवादी पक्षाचे होते. १९६२ आणि १९६७ मध्येही लोकांनी त्यांनाच पाठवलं. मुलुख असा की अर्धा मतदारसंघ वाड्यांत आणि अर्धा लालबाग-परळच्या चाळींत. घर चालायचं मनिऑर्डरीवर. चाकरमानी बोटीने विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला उतरत आणि तिथून मचव्याने किंवा पायी आपापल्या वाडीत जात. इथे कारखानदार नव्हते, साखरसम्राट नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांभोवती निवडणुकीची यंत्रणा उभी राहत होती, तसं काही तळकोकणात उभंच राहिलं नाही. समाजवादी कार्यकर्त्यांची ‘एक व्होट, एक नोट’ ही घोषणा अशा ठिकाणी शोभून दिसे, कारण दुसरी नोट आणायची कुठून हाच प्रश्न.

नाथ पै तीनदा निवडून आले, पण तिन्ही वेळा विरोधी बाकांवर. म्हणजे विद्यमान खासदार असूनही त्यांच्या हाती देण्यासारखं काही नव्हतं. संसदेत बोलणं तेवढं होतं, आणि ते त्यांच्याइतकं थोड्यांनाच जमलं. गोलकनाथ निकालानंतर मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी मांडलेलं खासगी विधेयक देशभर ‘नाथ पै विधेयक’ म्हणून गाजलं. अशा माणसाच्या प्रचाराला कोणी शंभर रुपये दिले तर बदल्यात काय मिळणार? सभा ऐकायला मिळेल. निवडणूक निधीच्या नीतीवर पुष्कळ पांडित्य सांगितलं जातं; तळकोकणात ती नीती बरीचशी परिस्थितीनेच सांभाळली, हे कबूल करायला हवं. संतपणाचं श्रेय त्यानंतरचं.

२७ डिसेंबर १९७० ला लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली. नाथ पै यांना हृदयविकाराने ग्रासलं होतं. १७ जानेवारीला ते बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिसभेत बोलले आणि १८ जानेवारी १९७१ ला तिथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८. राजापूरची जागा प्रजा समाजवादी पक्षाने लढवली ती मधु दंडवत्यांना उभं करून. अहमदनगरचा हा माणूस मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा नेल्या. उरलेल्या तिघांत दंडवते होते.

त्या लाटेमागे पैशाचीही एक गोष्ट होती, आणि तिचं एक टोक राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला लागतं. मे १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि निवडणूक लढवण्यासाठी दोन्ही पदांवरून बाजूला झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. तिसरे उमेदवार होते कोकणातले, महाडजवळच्या नात्याचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या मागे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. देशमुखांची दुसरी पसंती वाटल्यावर गिरी जेमतेम पुढे राहिले. (आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खर्चाला कायद्याने मर्यादाच नाही, मतदार आमदार-खासदार असल्यामुळे तिची गरज भासली नसावी. पुन्हा निवडून येण्याचा मान मात्र आजवर एकट्या राजेंद्रप्रसादांचा, १९५७ चा.) काही महिन्यांत काँग्रेस फुटली. त्याच १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर संपूर्ण बंदी आली.

बंदी कानाला गोड वाटते. छागलांचा इशारा शेवटी संसदेने ऐकला म्हणावं, तर त्यामागचा हिशेब तेवढा सोवळा नव्हता. १९६२ च्या निवडणुकीच्या वेळी जे. आर. डी. टाटांनी काँग्रेसबरोबरच स्वतंत्र पक्षालाही निधी देण्याचा निर्णय घेतला होता आणि तसं पंडित नेहरूंना कळवलंही होतं. उद्योगपतींनी विरोधकांना धनादेशाने, हिशेबात दाखवून पैसे देण्याची जी वाट होती, ती बंदीने बुजली. सत्ताधाऱ्यांना धनादेशाची गरज नव्हती. परवाने, कोटा, नियंत्रित भाव हे सगळं त्यांच्याच हातात असल्यामुळे रोकड आपोआप त्यांच्या दाराशी येणार होती, आणि आली. पुढची सोळा वर्षं, १९८५ पर्यंत, ही बंदी कायम होती. भारतीय राजकारणातला काळा पैसा याच वर्षांत मुरला.

मग ऑक्टोबर १९७४. दिल्लीतल्या सदर बाजार मतदारसंघाच्या खटल्यात न्या. पी. एन. भगवतींनी निकाल दिला की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थच नाही. काँग्रेसच्या विद्यमान खासदाराची निवड रद्द झाली. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढला: पक्ष किंवा मित्रमंडळी करतील तो खर्च उमेदवाराचा नाही. आणि त्याच महिन्यात अमेरिकेत वॉटरगेटने हादरलेल्या संसदेचा निवडणूक निधीवर कडक बंधनं घालणारा कायदा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने मंजूर झाला. एकाच महिन्यात दोन लोकशाह्या विरुद्ध दिशांना गेल्या. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. त्या खटल्यात ३५,००० रुपयांची मर्यादा ओलांडल्याचा आरोप टिकला नाही. टिकलं ते सरकारी यंत्रणा वापरल्याचं: व्यासपीठ, वीज, सरकारी नोकरीत असलेला माणूस. बसलेल्या उमेदवाराचा मोठा खर्च रोखीत होतच नाही, तो खुर्चीच करते, हे त्या निकालाने कागदावर आणलं. दोन आठवड्यांत आणीबाणी लागली. राजापूरचे खासदार बंगळूरच्या तुरुंगात गेले.

१९७७ च्या निवडणुकीत देशभर जनता पक्षाच्या सभांत चादरी फिरल्या, लोकांनी नाणी-नोटा टाकल्या. दंडवते निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. राजापूरच्या खासदाराच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी देण्यासारखं आलं होतं. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली आणि कोकण रेल्वेचा आपटा-रोह्यापासूनचा धागा पुढे रेटला. मतदारसंघाला रेल्वे देणं आणि भाभणश्रेष्ठीला जकात माफ करणं यांत फरक आहेच: रेल्वेत देणगी न दिलेलाही बसतो. तरी कोणी टीकाकार म्हणेल की तेही बसलेल्याचंच भांडवल. असू दे. ते भांडवल वापरूनही १९८४ च्या लाटेत टिकणं सोपं नव्हतं, आणि दंडवते १९८० मध्येही टिकले, १९८४ मध्येही टिकले, १९८९ मध्येही.

मधल्या काळात कोकणच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच घडत होतं. रायगडमधल्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. कोकणातला माणूस त्या खुर्चीवर बसला होता, आणि तो झपाट्याने निर्णय घ्यायचा. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. खारेपाटण सरहद्दीवरचं गाव झालं ते त्या दिवसापासून. पुलापलीकडे राजापूर तालुका, रत्नागिरी जिल्हा. तळकोकणातल्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी रत्नागिरीपर्यंतचा जो प्रवास करावा लागे, तो वाचला. अंतुल्यांबद्दल इथे आजही आपुलकीने बोललं जातं, आणि त्यात खोटं काही नाही.

जिल्हा झाल्याला चार महिनेच झाले होते. ३१ ऑगस्ट १९८१ ला ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींचा लेख आला. अंतुल्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा न्यास स्थापला होता. कागदोपत्री हेतू उदात्त: कलावंतांना, गुणवंतांना मदत. पण त्या काळी सिमेंट नियंत्रित होतं. सरकारी भावाने मिळणाऱ्या गोणीला बाहेर कितीतरी जास्त किंमत, आणि गोण्या कोणाला किती द्यायच्या हे सरकार ठरवायचं. बांधकाम व्यावसायिकांनी न्यासाला दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र बोलकं होत होतं. समाजवादी नेते प. बा. सामंत आणि इतरांनी हायकोर्टात धाव घेतली. १२ जानेवारी १९८२ ला न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला: सिमेंटचं वाटप देणग्यांच्या बदल्यात झालं होतं. अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. एका अर्थी तो खरा उपाय होता: वाटायला हातात काही उरलंच नाही तर विकणार काय?

हा पैसा नाव घेऊन निवडणुकीचा नव्हता, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. न्यासाचा होता, पावतीचा होता. पण त्या वर्षांत कंपन्यांना पक्षांना उघड देणगी देण्याची मनाई होती, आणि पैशाला वाट हवीच असते. फौजदारी खटल्याचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चाललं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच न्यायालयाचा या खटल्यातला चार वर्षांपूर्वीचा निर्देश चुकला असं बहुमताने ठरवलं. १९८९ मध्ये कुलाब्याच्या मतदारांनी अंतुल्यांना लोकसभेत पाठवलं. त्याच निवडणुकीनंतर दंडवते देशाचे अर्थमंत्री झाले, म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे. दीड वर्षाने पुन्हा निवडणूक लागली आणि वीस वर्षं सांभाळलेल्या राजापुरात ते काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून पराभूत झाले. ज्यांनी निवडणुकीचा पैसा हाच यशाचा मंत्र मानला, त्यांना हे दोन निकाल शेजारी ठेवून समजावून सांगणं अवघड आहे.

१९९३ च्या अखेरीस खासदारांना स्थानिक विकास निधी सुरू झाला. आज तो वर्षाला पाच कोटी. समाजमंदिर, रस्ता, पिकअप शेड, आणि प्रत्येकावर खासदाराच्या नावाची पाटी. दुसरीकडे लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा १९९७ मध्ये १५ लाख, २०१४ मध्ये ७० लाख आणि २०२२ पासून मोठ्या राज्यांत ९५ लाख झाली. म्हणजे नवा उमेदवार ९५ लाखांत जेवढा दिसेल त्याच्या कितीतरी पट विद्यमान खासदार पाच वर्षांत सरकारी पैशाने दिसून झालेला असतो. राजापूर मतदारसंघ २००९ मध्ये पुसला गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. तेव्हापासून चार निवडणुका झाल्या. चारही वेळा विद्यमान खासदार पुन्हा उभा राहिला. २००९ मध्ये सुरेश प्रभू हरले, २०१४ मध्ये नीलेश राणे हरले, २०२४ मध्ये विनायक राऊत हरले. एकट्या २०१९ मध्ये राऊत टिकले. बसलेल्याला उठवण्याची ही खोड नव्या मतदारसंघाची म्हणायची; जुन्या राजापुरात नाथ पै आणि दंडवते पुन्हा पुन्हा निवडून येत.

कंपन्यांच्या देणग्यांचा दरवाजा १९८५ मध्ये पुन्हा उघडला होता, सरासरी नफ्याच्या पाच टक्के मर्यादेत. २०१३ च्या कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली, २०१७ मध्ये ती काढूनच टाकली, आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून हजारापासून कोटीपर्यंतचा रोखा घ्या, पक्षाला द्या, तुमचं नाव मतदाराला कळणार नाही. सहा वर्षांत सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले आणि मूल्याने पाहिलं तर त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त एक कोटीचे होते. ‘एक व्होट, एक नोट’ म्हणणाऱ्यांसाठी हजाराचा रोखा ठेवला होता, पण तो घ्यायला रांग लागली नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला देणगीदार कळला पाहिजे, कारण देणगी आणि धोरण यांचा संबंध असू शकतो, हा त्या निकालाचा कणा. मार्चमध्ये नावं आणि रकमा जाहीर झाल्या.

अनंतदेवाने भाभण आणि धनाम यांची नावं निदान तांब्यावर कोरली. जवळजवळ आठशे वर्षांनंतरही तेलंगांना ती वाचता आली. रोख्यांमागची नावं बाहेर काढायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

रोखे गेले तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. मर्यादा उमेदवाराला आहे, आणि तिच्या अंमलबजावणीचं दर्शन खारेपाटणच्या माणसाला निवडणुकीच्या दिवसांत जवळून घडतं. जिल्ह्याच्या सीमेवर गाड्या थांबवल्या जातात, डिक्की उघडली जाते, पन्नास हजारांवर रोकड असेल तर कागदपत्रं मागितली जातात. त्या तपासणीत अडकतो तो आंब्याचे पैसे घेऊन येणारा व्यापारी किंवा लग्नाच्या खरेदीला निघालेलं कुटुंब. कोटीच्या व्यवहारांना महामार्गाने जावं लागत नाही.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडणूक नियमांनुसार एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो हिशेब पाहता येतो. हा रुपया कित्येक दशकं वाढलेला नाही. खर्चाची मर्यादा तेवढ्या काळात पंचवीस हजारांवरून ९५ लाखांवर गेली. खारेपाटणच्या मतदाराला लोकसभेच्या उमेदवाराचा मूळ हिशेब पाहायचा झाला तर रत्नागिरी गाठावी लागते, कारण मतदारसंघाचं मुख्य कार्यालय तिथेच आहे. पूल ओलांडून राजापूर, ओणी, लांजा करत एसटीने जायचं. येण्याजाण्याचं तिकीट त्या रुपयाच्या शेकडो पट पडतं.